निर्दोषपणाचा अपराध

गेल्या महिन्यांत आमच्या अभ्यासमंडळाच्या बैठकींत एका जपानी वाद्यवृंदाची चित्रफीत दाखवावी अशी सूचना मीं केली, आणि ती ज्या तत्परतेनें फेटाळण्यांत आली तिचें मला अद्याप आश्चर्य वाटतें. मंडळाचे सभासद विद्वान आहेत, रसिक आहेत, आणि एकमेकांशीं क्वचितच सहमत होतात. परंतु त्या दिवशीं सर्वांचें एकमत झालें. एक गृहस्थ म्हणाले, जपानी लोक नकलेंत पटाईत. तेव्हां अमेरिकेची नक्कल ऐकण्यापेक्षां अस्सल मालच कां ऐकूं नये? दुसऱ्यांचें म्हणणें असें कीं, इतकें बिनचूक वाजविणें हें यंत्राचें काम, माणसाचें नव्हे. त्यांत जीव कोठला असणार? तिसरे अभिजात संगीताचे जाणकार म्हणून गांवांत प्रसिद्ध आहेत. त्यांनीं शेवटचा घाव घातला: “संगीत ही कानाची विद्या आहे. तें डोळ्यांनीं पाहूं लागलें कीं त्याचा तमाशा होतो.” तमाशा हा शब्द त्यांनीं कोणत्या अर्थानें वापरला तें मीं विचारलें नाहीं. पठ्ठे बापूरावांच्या महाराष्ट्रांत तो शिवी म्हणून वापरतां येऊं नये, एवढें मात्र मनांत आलें.

बैठकींत मीं गप्प बसणें पत्करलें. वादांत मला सुचतें तें नेहमीं घरीं परततांना सुचतें. तेव्हां जें तेथें बोलावयाचें राहिलें तें या पानांवर बोलण्याची परवानगी वाचकांनीं द्यावी.

वाद्यवृंदाचें नांव कॅसिओपिया. आकाशांतील ज्या तारकासमूहाला आपण शर्मिष्ठा म्हणतों त्याचेंच हें पाश्चात्त्य नांव. १९७६ च्या सुमारास गिटारवादक इस्सेइ नोरो आणि बेस गिटार वाजविणारे तेत्सुओ साकुराई यांनीं हा वृंद उभा केला. पुढें कीबोर्डावर मिनोरु मुकाइया आले, आणि १९८० सालीं केइओ विद्यापीठांतील तरुण ड्रमवादक अकिरा जिम्बो येऊन मिळाले, तेव्हां चौकडी पुरी झाली. १९८९ पर्यंत हे चौघे एकत्र होते. ते जें वाजवीत त्याला जॅझ-फ्यूजन म्हणतात: जॅझमधील स्वरमेळ आणि आयत्या वेळीं सुचणारा स्वरविस्तार, रॉक आणि फंक यांचा ठेका, आणि बहुतेक वाद्यें विजेवर चालणारीं. गाणारा कोणी नाहीं. माझा वाद त्यांच्या दोन कृतींपुरता आहे. एक, १९८२ च्या मे महिन्यांत अल्फा कंपनीनें प्रसिद्ध केलेली ‘मिंट जॅम्स’ ही ध्वनिमुद्रिका. आणि दुसरी, १९८७ सालची, ऐकण्यासाठीं व पाहण्यासाठीं अशा दोन्ही रूपांत निघालेली ‘परफेक्ट लाइव्ह टू’. नांवांतच ‘परफेक्ट’! आक्षेपकांच्या हातीं कोलीत देण्याची हौस असावी ती अशी.

प्रथम नकलेचा आरोप घेऊं. फ्यूजन हा प्रकारच मुळीं कोणा एकाच्या घरचा नव्हे. माइल्स डेव्हिस यांनीं १९७० सालीं ‘बिचेस ब्रू’ प्रसिद्ध करून जॅझमध्यें विजेचीं वाद्यें आणि रॉकचा ठेका बसविला, त्या ध्वनिमुद्रणांत गिटार वाजविणारे जॉन मॅक्लॉफ्लिन हे इंग्रज. याच मॅक्लॉफ्लिननीं पुढें ‘शक्ति’ हा वृंद काढला व त्यांत आपल्या मुंबईंत जन्मलेले झाकिर हुसेन तबल्याला बसले, तेव्हां आपण त्याला ‘पूर्वपश्चिमेचा संगम’ म्हटलें, आणि तें योग्यच केलें. परंतु तोच संगम टोकियोंत झाला कीं त्याचें नांव नक्कल! आपण गेलों तर यात्रा आणि शेजारी गेला तर भटकंती, असा हा न्याय आहे.

बरें, नक्कल ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. मूळ काढून घ्या. नक्कल असेल ती कोसळेल. कॅसिओपियाच्या बाबतींत ही कसोटी योगायोगानें प्रत्यक्ष घेतली गेली आहे. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९७९ सालीं निघाली, तींत रँडी व मायकेल ब्रेकर हे बंधु आणि डेव्हिड सॅनबॉर्न असे अमेरिकेंतील नामांकित फुंकवाद्यवादक पाहुणे होते. नवख्या पोरांना मोठ्यांचा टेकू द्यावा, असा विचार त्यामागें असल्यास नवल नाहीं. आतां तीन वर्षांनंतरची ‘मिंट जॅम्स’ पाहा. तींत सात रचना आहेत, आणि एकही नवी नाहीं. ‘टाइम लिमिट’, ‘टिअर्स ऑफ द स्टार’ व ‘मिडनाइट राँदेव्हू’ या तीन त्या पहिल्या मुद्रिकेंतल्या, ‘टेक मी’ व ‘आसायाके’ या १९७९ च्याच ‘सुपर फ्लाइट’मधल्या, ‘डॉमिनो लाइन’ व ‘स्वेअर’ या १९८१ च्या ‘क्रॉस पॉइंट’मधल्या. पाहुणे गेलेले आहेत. ज्या जागा ब्रेकर बंधूंनीं भरल्या होत्या त्या आतां एक गिटार आणि एक कीबोर्ड भरीत आहेत. आणि झालें काय? आज जगभर या रचना ज्यांना ठाऊक आहेत त्यांतील बहुतेकांना त्या या चौघांच्या, पाहुण्यांवांचूनच्या रूपांतच ठाऊक आहेत. मूळ काढून घेतलें आणि उरलें तेंच मूळ ठरलें. त्याच वर्षीं ‘फोर बाय फोर’ नांवाची आणखी एक मुद्रिका निघाली, तींत हे चार जपानी आणि ली रिटेनॉर, डॉन ग्रूसिन, नेथन ईस्ट व हार्वी मेसन हे चार अमेरिकन समोरासमोर बसून वाजवितात. चारास चार. त्यांत गुरु कोण आणि शिष्य कोण हें आमच्या सभासदांनीं डोळे मिटून ओळखून दाखवावें.

नकलेविषयीं आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण ती आपल्या पेटीच्या गोत्रांतली आहे. १८८७ सालीं हामामात्सु येथील एका प्राथमिक शाळेंतला परदेशी ऑर्गन बिघडला. तो दुरुस्त करावयास तोराकुसु यामाहा नांवाच्या कारागिराला बोलावलें. त्यानें तो उघडला, दुरुस्त केला, आंतली रचना उतरवून घेतली आणि तसाच एक स्वतः बनविला. मग तो ऑर्गन खांद्यावरील काठीला अडकवून, एका सोबत्यासह, हाकोनेचा डोंगर ओलांडून तो टोकियोच्या संगीतसंस्थेंत परीक्षेला घेऊन गेला. निकाल वाईट लागला. स्वर जुळलेले नव्हते. तेव्हां हा गृहस्थ तेथेंच राहिला, स्वरशास्त्राचीं व्याख्यानें ऐकलीं, परत जाऊन दुसरा ऑर्गन केला, आणि तो मान्य झाला. ज्या यामाहा कंपनीचीं वाद्यें कॅसिओपियाच्या हातीं दिसतात, ज्या कंपनीनें भरविलेल्या हौशी वादकांच्या स्पर्धेंत हे तरुण प्रथम पुढें आले, तिचा आरंभ हा. यांत नक्कल आहेच. पहिला ऑर्गन ही शुद्ध नक्कल होती. परंतु दुसऱ्या ऑर्गनला काय म्हणावें? नकलेच्या आणि विद्येच्या मधली सीमा त्या दोन ऑर्गनांच्या मधून जाते, आणि आमचे मित्र पहिला ऑर्गन पाहूनच घरीं निघून जातात.

आपण तर या बाबतींत फारच जपून बोलावें. फ्रान्समध्यें १८४२ सालीं दबॅं यांनीं ज्या हार्मोनियमची सनद घेतली, तिचेंच देशी अपत्य आपल्या प्रत्येक भजनांत, प्रत्येक बैठकींत आहे. आणि पायानें चालविण्याच्या ऑर्गनवांचून संगीत नाटकाची नांदी सुरू होत नव्हती. १९४० सालीं आकाशवाणीनें याच पेटीला परकी व बेसूर ठरवून बाहेर काढलें, आणि ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. तेव्हां पेटीच्या बाजूनें किती शाई खर्च झाली! त्या शाईंतला एक थेंब शेजाऱ्याच्या वांट्याला यावयास हरकत नाहीं.

आतां दुसरा आरोप: बिनचूक आहे, म्हणून निर्जीव आहे. हा आरोप मला अधिक झोंबतो, आणि त्याचें कारण मीं लपवूं नये. पंधराएक वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एक विद्यार्थी, गिटार वाजविणारा, अबोल मुलगा, मोठ्या उत्साहानें ‘मिंट जॅम्स’ची तबकडी माझ्याकडे घेऊन आला होता. मीं ती दोन दिवस ठेवली, पुस्तक वाचतां वाचतां ऐकली, आणि परत देतांना म्हणालों, “छान आहे, हॉटेलच्या दिवाणखान्यांत लावतात तसलें आहे.” मला तें वाक्य चतुर वाटलें होतें. तो कांहीं बोलला नाहीं. त्यानंतर त्यानें माझ्याजवळ कीट्स आणि परीक्षेचे प्रश्न यांखेरीज कशाचाच विषय काढला नाहीं. म्हणजे आमच्या मंडळांतील दुसऱ्या गृहस्थांचा आक्षेप मुळांत माझाच आहे. त्यांनीं तो नुसता उशिरां उच्चारला. म्हणून त्याचें खंडन करण्याचा भार इतर कोणापेक्षां माझ्यावर अधिक आहे.

माझी चूक कोठें झाली तें मला चित्रफीत पाहीपर्यंत कळलें नाहीं. ‘आसायाके’ ही रचना घ्या. शब्दाचा अर्थ पहाटेची लाली. आरंभींच गिटारवर एक छोटें, तुटक, टोंकदार आवर्तन येतें. प्रत्येक मात्रेचे चार भाग, आणि त्या भागांतून उजवा हात एकसारखा खालींवर फिरत राहतो. कांहीं वेळां तारा बोलतात, कांहीं वेळां डाव्या हाताच्या बोटांनीं त्या दाबून मुक्या केलेल्या असतात. पण मनगट थांबत नाहीं. कानाला ऐकूं येतात ते फक्त बोललेले स्वर. मुका हात कानाला दिसत नाहीं! पुस्तक वाचतां वाचतां ऐकणाऱ्या माझ्यासारख्याला वाटतें कीं कोणी तरी यंत्राला किल्ली दिली आहे. चित्रफितींत तो हात दिसतो, आणि कळतें कीं येथें किल्ली नाहीं. जें ऐकूं येत नाहीं तेंही कोणी तरी वाजवीत आहे, आणि जें ऐकूं येतें तें त्याच्याच बळावर उभें आहे. साकुराई यांचें बेस वाजविणें तसेंच. आंगठ्यानें जाड तारेवर आघात करावयाचा, आणि लगेच तर्जनीनें बारीक तार ओढून सोडावयाची. ऐकतांना तो ढोलकाचा एखादा प्रकार वाटतो, पाहतांना तो एका माणसाच्या दोन बोटांचा संवाद असतो. आणि जिम्बो? दोन हात आणि दोन पाय हे चार निरनिराळे नोकर एकाच धन्याच्या घरांत न भांडतां कसे राबतात तें त्यांच्याकडे पाहून शिकावें. ‘डॉमिनो लाइन’मध्यें बेस आणि ड्रम यांना मोकळें रान मिळतें. घरीं ती रचना सुरू असतांना आमच्या सौभाग्यवती, ज्यांना या संगीताची आवड नाहीं, त्या दारांत उभ्या राहून म्हणाल्या, “अहो, यांचे हात दुखत नाहींत का?” गेल्या महिन्यांत बैठकींत जितकी समीक्षा झाली त्या सर्वांहून ही अधिक अचूक आहे.

शिवाय बिनचूकपणा हा दोष केव्हांपासून झाला? आपल्या गवयानें तिन्ही सप्तकांत दाणेदार तान घेऊन नेमकी समेवर आणली तर आपण मान डोलवून ‘तयारी आहे!’ म्हणतों. त्या तयारीमागें दहा वर्षांचा रियाझ आहे हें आपल्याला ठाऊक असतें, कारण तो रियाझ आपल्या आळींत झालेला असतो. टोकियोंतील रियाझ आपण ऐकलेला नाहीं, म्हणून तो झालाच नाहीं, आणि जें झालें तें यंत्रानें केलें, असें हें तर्कशास्त्र. यंत्राची या मंडळींना लाज नाहीं हें मात्र खरें. मुकाइया यांनीं पुढें आगगाडी चालविण्याचे संगणकीय खेळ तयार केले, आणि जपानांतील कित्येक स्थानकांवर गाडी सुटतांना जी कांहीं सेकंदांची धून वाजते तशा धुनी रचल्या. हजारों लोक रोज कामावर जातांना त्या ऐकतात, आणि त्या कोणी रचल्या हें त्यांतील बहुतेकांच्या गांवींही नसतें. आगगाडीवर प्रेम करणाऱ्या माणसाला निर्जीव म्हणणें मला तरी जड जातें.

येथवर मीं वकिली केली. आतां फिर्याद करतों, आणि ती ‘मिंट जॅम्स’विरुद्धच आहे. ही मुद्रिका १९८२ च्या फेब्रुवारींत टोकियोंत प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झाली. ही गोष्ट प्रथम कळली तेव्हां माझा विश्वास बसला नाहीं. कारण मुद्रिकेंत श्रोत्यांचा मागमूस जवळजवळ नाहीं. टाळ्या बहुतेक सर्व कापून टाकल्या आहेत. एक रचना संपते, शांतता होते, दुसरी सुरू होते. जणूं चौघे जण बंद खोलींत स्वतःसाठींच वाजवीत होते. कां केलें असें? मला वाटतें, याचें मूळ जपानांतील एका जुन्या रिवाजांत सांपडेल. तेथें जॅझ ऐकण्याचीं खास कॉफीगृहें असत. योकोहामा येथील ‘चिगुसा’ हें १९३३ सालीं उघडलें. पुढें युद्धानंतरच्या काळांत अशीं गृहें गांवोगांव झालीं, आणि त्यांतील कित्येकांत कॉफीचा पेला पुढें घेऊन, अवाक्षर न बोलतां, मोठ्या ध्वनिक्षेपकांतून तबकडी ऐकत बसण्याचा दंडक होता. आयात तबकडी सामान्य माणसाच्या ऐपतीबाहेरची. तेव्हां ती ऐकणें हा पूजेसारखा गंभीर व्यवहार झाला. अशा देवळांत लावावयाच्या तबकडींत टाळ्या कशाला, असें कोणाला वाटलें असेल तर तें समजूं शकतें. पण समजूं शकतें म्हणून तें बरोबर ठरत नाहीं. घाम पुसून टाकून मग ‘पाहा, किती सहज!’ म्हणून दाखविलेली ही सहजता आहे. मुद्रिकेचें नांव चौघांच्या नांवांच्या आद्याक्षरांवरून जुळविलें आहे. त्याचा शब्दशः अर्थ लावला तर पुदिन्याचा मुरंबा असा कांहीं तरी होईल. मुरंबा आहे खरा: फळ ओळखूं येतें, साल आणि बी काढून टाकलेलीं आहेत. माझ्यासारख्या आळशी श्रोत्यानें तिला हॉटेलांतील पार्श्वसंगीत म्हटलें, या अपराधांत मुद्रिका काढणाऱ्यांचाही थोडा वांटा आहे.

म्हणूनच चित्रफितीवांचून ही मुद्रिका अपुरी आहे, असें माझें म्हणणें आहे. ‘परफेक्ट लाइव्ह टू’मध्यें श्रोते परत आले आहेत. ते टाळ्या वाजवितात, उभे राहतात. आणि त्यांच्याकडे पाहून वादकांच्या वाजविण्यांत जो फरक पडतो तो दिसतो. एकमेकांकडे टाकलेला कटाक्ष दिसतो: आतां मी सोडतों, तूं घे. उत्स्फूर्त वादनाचें सारें व्याकरण या कटाक्षांत असतें, आणि तें कोणत्याही ध्वनिमुद्रणांत उमटत नाहीं.

तिसऱ्या गृहस्थांना माझें उत्तर हेंच आहे; पण ते मोठे आहेत, म्हणून त्यांच्यासाठीं मोठा साक्षीदार आणतों. चार्ल्स लँब यांनीं १८११ सालीं एक निबंध लिहून असें प्रतिपादन केलें कीं, शेक्सपिअरच्या शोकांतिका रंगभूमीवर करूं नयेत. नटाचा देह पुढें आला कीं कल्पनेंतला लिअर लहान होतो. तीस वर्षें मीं हा निबंध विद्यार्थ्यांना शिकवीत आलों आहें. निबंध सुंदर आहे, आणि साफ चुकीचा आहे. ज्यानें तीं नाटकें लिहिलीं तो स्वतः नट होता, आणि त्यानें तीं नटांसाठीं लिहिलीं. तीं एकत्र छापून निघालीं १६२३ सालीं, तो वारल्यावर सात वर्षांनीं. आमचे जाणकार मित्र हे संगीतांतले लँब आहेत. फरक इतकाच कीं, लँब यांनीं निदान वाचनाची बाजू घेतली. आमचे मित्र बैठकीला तासभर आधीं जाऊन पुढची जागा धरतात. कशासाठीं? संगीत ही कानाची विद्या असेल तर शेवटच्या रांगेंत, खांबामागें, डोळे मिटूनही तितकेंच ऐकूं येतें. गवयाचा वर उठणारा हात, तबलजीकडे वळलेली नजर, समेवर आल्यावर ओठांवर उमटलेलें हसूं यांच्यासाठींच ते पुढें बसतात, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. आपल्याला जें पुढच्या रांगेंतून चालतें, तें टोकियोच्या पुढच्या रांगेंत न जाऊं शकणाऱ्या माणसाला पडद्यावर कां चालूं नये?

चित्रफीतही निर्दोष नाहीं. छायाचित्रकार नको तेव्हां चेहऱ्याकडे वळतो. ऐन गुंतागुंतीच्या जागीं बोटें सोडून हास्य दाखविणें हें आडनांव छापून कविता गाळण्यासारखें आहे. रंगीत दिव्यांचा मारा अंमळ जास्त आहे, आणि पोषाखांविषयीं त्या दशकाला क्षमा करावी. पण हे दोष दाखविण्याचे आहेत. मुद्रिकेचा दोष लपविण्याचा होता.

येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं सायंकाळीं पांच वाजतां ही चित्रफीत मी माझ्या घरीं लावणार आहें. मंडळाच्या परवानगीची त्याला गरज नाहीं. तिन्ही आक्षेपकांना निमंत्रण पाठविलें आहे. जाणकारांसाठीं पुढची खुर्ची राखून ठेवली आहे. त्या जुन्या विद्यार्थ्यालाही पत्र टाकलें आहे. तो सध्यां पुण्यास नोकरी करतो, आणि गिटार अजून वाजवितो, असें त्याच्या एका वर्गमित्राकडून समजलें.